एकच साक्षीदार, अनेक पानं

‘खडकीची लढाई’ असं शोधयंत्रात टाकलं की पहिली गल्लत गावाच्या नावापासूनच होते. मलिक अंबरने 1610 च्या सुमारास वसवलेली खडकी म्हणजे पुढचं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर. लढाईची झळ तिलाही बसली होती, पण ती लढाई वेगळी. पुण्याच्या खडकीची लढाई 5 नोव्हेंबर 1817 ची. आणि तिथली युद्ध दफनभूमी या लढाईतल्या सैनिकांची नव्हे, दुसऱ्या महायुद्धातल्या. फोटो मात्र बिनदिक्कत कुठलाही चिकटतो.

गाव नक्की झालं, की आकडे येतात. मराठ्यांचं 18,000 घोडदळ, 8,000 पायदळ. इंग्रजांचे 2,800 शिपाई. इंग्रजांकडे मेलेले-जखमी मिळून 86, मराठ्यांकडे 500. हौशी इतिहासलेखनापासून स्पर्धा परीक्षांच्या टिपणांपर्यंत हेच आकडे, फार तर थोडे गोल केलेले. इतके जण सांगतात म्हणजे खरंच असणार, असं वाटतं. पण माग काढत गेलं की बरेचसे धागे एकाच पुस्तकाशी पोहोचतात: ग्रँट डफचा 1826 सालचा मराठ्यांचा इतिहास. म्हणजे साक्षीदार एकच, बाकीचे त्याची री ओढणारे.

हा डफ पुण्यातला इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन याच्या हाताखालचा. लढाईत इंग्रजांच्या बाजूने तो स्वतः हजर होता. आता हे जमेचं धरायचं की वजा करायचं? माझ्या मते दोन्ही, आकडा बघून. आपली माणसं किती पडली हे लष्कराला हजेरीवरून कळतं, म्हणून 86 वर भरवसा ठेवता येतो. समोरच्या फौजेचा मात्र अंदाजच बांधावा लागतो, आणि शत्रू जितका मोठा दाखवावा तितका आपला विजय मोठा. पुस्तक तेच, पण 500 आणि 86 यांचं वजन सारखं नाही. एखादं पुस्तक किंवा संकेतस्थळ सरसकट ‘विश्वसनीय’ ठरवून मोकळं होता येत नाही ते यामुळेच.

डफला मराठी अभ्यासकांनी पूर्वीच तपासलंय. निळकंठ जनार्दन कीर्तने यांनी 1860 च्या दशकातच त्याच्या इतिहासावर टीका लिहिली. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी 1898 पासून मूळ साधनांचे खंड छापायला घेतले. आज इंटरनेटवरचा मजकूरही असाच तपासता येतो: विकिपीडियाच्या तळटिपा आणि ‘इतिहास’ हा टॅब उघडला तर निदान मजकूर कुठून आला, कुणी कधी बदलला, एवढं दिसतं. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या मजकुराला तेवढंही नसतं.

शाळेच्या प्रकल्पात आकडा लिहायचाच असेल, तर आधी ‘ग्रँट डफच्या मते’ एवढे शब्द जोडावेत. शिक्षकांनी गुण त्याचेही द्यावेत.