कुलगुरूंच्या पत्रात काय नव्हते?

गेल्या आठवड्यात कोर्टातून परतलो तेव्हा ऑफिसात एक तरुण प्राध्यापक वाट पाहत बसले होते. तरुण म्हणायचे ते आपले चेहऱ्यावरून. वय चाळिशीला टेकलेले, नेट झालेली, पीएच.डी. झालेली आणि गेली अकरा वर्षे तासिका तत्त्वावर शिकवणे चालू! त्यांचे काम होते अनुभवाच्या दाखल्याचे. महाविद्यालय दाखला देत नव्हते, कारण तुम्ही दरवर्षी नव्याने नेमले जाता, तेव्हा सलग अनुभव कसला, असा कार्यालयाचा प्रश्न. कागदपत्रे चाळताना त्यांच्या पिशवीतून चार पानांचे एक पत्र निघाले. सत्राच्या आरंभी कुलगुरूंनी विद्यापीठ परिवाराला लिहिलेले.

विद्यापीठाचे नाव मी येथे देत नाही. ज्यांना ते पत्र मिळाले ते ओळखतील आणि ज्यांना मिळाले नाही त्यांनी आपल्या विद्यापीठाचे पत्र काढून पाहावे, फारसा फरक आढळणार नाही. सुरुवात 'सर्व शिक्षक व शिक्षकेतर बंधू-भगिनींनो' अशी होती. पुढे नॅकची तयारी, राष्ट्रीय क्रमवारीत वर जाण्याचा संकल्प, नवीन शैक्षणिक धोरण, क्रेडिटचा हिशेब, परदेशी विद्यापीठांशी करार, बायोमेट्रिक हजेरी, वृक्षारोपण. शेवटच्या पानावर एक ओळ होती, 'रिक्त पदांच्या भरतीची प्रक्रिया प्रगतिपथावर आहे.' किती पदे, कोणत्या प्रवर्गाची, किती वर्षांपासून, काही नाही.

मी विचारले, "सर, हे पत्र तुम्हाला आले का?"

ते हसले. म्हणाले, "वकीलसाहेब, आमचे नाव यादीतच नसते. ऑफिसमधल्या क्लार्कने मोबाईलवर फोटो पाठवला, त्याची प्रिंट काढली."

म्हणजे जो माणूस उद्या सकाळी वर्गावर जाऊन विद्यापीठ चालवणार आहे, तो 'सर्व शिक्षकां'त येत नाही!

कोणी म्हणेल, पत्रच ते, त्यात एवढे काय? वकिलाच्या दृष्टीने पाहिले तर ते परिपत्रक नाही, आदेश नाही, त्याने कोणाचा हक्क निर्माण होत नाही की बुडत नाही. पण महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे कुलगुरू हे विद्यापीठाचे प्रमुख शैक्षणिक व कार्यकारी अधिकारी आहेत. ज्यांनी कार्यालयात काम केले आहे त्यांना ठाऊक आहे की साहेब जे विचारतात तीच फाईल हलते. पत्रात नॅक असले की नॅकची फाईल रात्री दहापर्यंत उघडी राहते. बिंदुनामावली पत्रात नसली की ती कपाटात राहते आणि कपाटाची चावी रजेवर गेलेल्या माणसाकडे असते.

याच्या उलट चित्र अमेरिकेत पाहावयास मिळते. बोस्टनजवळच्या ब्रँडाईस विद्यापीठाने डिसेंबर २०१९ मध्ये आपल्या भेदभावविरोधी धोरणात जातीचा समावेश केला. जानेवारी २०२२ मध्ये कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने, म्हणजे तेव्हाच्या २३ परिसरांच्या अवाढव्य व्यवस्थेने, तेच केले. त्याच वर्षी डिसेंबरात ब्राऊन विद्यापीठाने केले. अमेरिका काही स्वर्ग नव्हे, आणि जात तिकडे आपल्याच लोकांच्या सामानातून गेली. कॅलिफोर्नियात या एका शब्दाविरुद्ध दोन भारतीय वंशाचे प्राध्यापक न्यायालयातही गेले होते. पण सांगायचा मुद्दा असा की, जिथे कोणत्याही अर्जावर जातीचा रकाना नाही, तिथल्या विद्यापीठांच्या प्रशासनाने आपल्या लोकांसमोर जात हा शब्द उच्चारला. आमच्याकडे प्रवेशअर्जावर जात, शिष्यवृत्तीच्या अर्जावर जात, सेवापुस्तकात जात, पडताळणी समितीपुढे आजोबांची जात. आणि कुलगुरूंच्या चार पानांत जात नावाची गोष्टच अस्तित्वात नाही!

आता त्या 'प्रगतिपथा'विषयी. आरक्षण नाकारण्यासाठी ते रद्द करावे लागत नाही, मोजण्याची पद्धत बदलली की पुरते. एप्रिल २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने निकाल दिला की अध्यापकांचे आरक्षण मोजताना संपूर्ण विद्यापीठ नव्हे, तर प्रत्येक विभाग हा एकक धरावा. ५ मार्च २०१८ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने तसे फर्मान काढले. वाचकांनी बोटांवर मोजून पाहावे. केंद्राच्या बिंदुनामावलीत ओबीसींचा पहिला बिंदू चौथा, अनुसूचित जातीचा सातवा, अनुसूचित जमातीचा चौदावा. विभागात तीन पदे असतील तर कोणालाच काही नाही. सहा असतील तर अनुसूचित जातीला शून्य. आणि आदिवासी उमेदवाराने चौदाव्या पदाची पाळी येईपर्यंत थांबायचे. आपल्या विद्यापीठांत चौदा प्राध्यापकांचे विभाग किती आहेत, हे ज्याचे त्याने पाहावे.

जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या निकालाविरुद्धच्या याचिका फेटाळल्या. मग लोक रस्त्यावर आले. ५ मार्च २०१९ रोजी भारत बंद झाला आणि दोनच दिवसांनी केंद्र सरकारला वटहुकूम काढावा लागला. त्याच वर्षी संसदेने कायदा केला आणि केंद्रीय संस्थांमध्ये पुन्हा संपूर्ण संस्था हे एकक ठरले. हा कायदा कोणा कुलगुरूंच्या पत्राने आलेला नाही. पण त्या दोन वर्षांत ज्यांची वयोमर्यादा, उमेद आणि घरची परिस्थिती संपली, त्यांना तो परत काही देऊ शकला नाही.

आमच्या राज्यात २००४ पासून आरक्षणाचा स्वतंत्र कायदा अमलात आहे. त्यात नेमणूक करणाऱ्या अधिकाऱ्याने जाणूनबुजून उल्लंघन केल्यास शिक्षेची तरतूदसुद्धा आहे. माझ्या वकिलीत मी या तरतुदीखाली शिक्षा झालेला एकही अधिकारी पाहिलेला नाही. नेमणूकच केली नाही तर उल्लंघन कसले? पद भरायचे नाही, तासिकेवर माणूस बोलवायचा, उन्हाळ्यात त्याला घरी बसवायचे आणि जूनमध्ये पुन्हा अर्ज मागवायचा. आरक्षित जागा कागदावर सुरक्षित राहते आणि माणूस म्हातारा होतो.

पत्रात नसलेली दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या नियमांनी प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असावा, तक्रार साठ दिवसांत निकाली निघावी, असे सांगितले. सत्रारंभीच्या पत्रात या अधिकाऱ्याचे नाव व खोली क्रमांक द्यायला किती शाई लागते? हैदराबाद विद्यापीठातील रोहित वेमुलाने १८ डिसेंबर २०१५ रोजी आपल्या कुलगुरूंना पत्र लिहिले होते. १७ जानेवारी २०१६ रोजी तो गेला. मधले तीस दिवस कोणत्या टेबलावर गेले? २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. या दोघांच्या आया राधिकाताई आणि आबेदाताई त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात गेल्या, मागणी एवढीच की नियम आहेत ते पाळले जावेत. त्यातून जानेवारी २०२६ मध्ये आयोगाने नवे नियम काढले आणि दोन-अडीच आठवड्यांत, २९ जानेवारीला, त्यांना स्थगिती मिळून २०१२ चेच नियम पुढे चालू ठेवले गेले. त्या स्थगितीवर रकानेच्या रकाने लिहिले गेले. जुने नियम किती ठिकाणी पाळले गेले, हे मात्र फार थोड्यांनी विचारले.

शिष्यवृत्तीबद्दल फार लिहीत नाही, ज्याच्या घरात शिकणारे मूल आहे त्याला ते पाठ आहे. पैसे पोर्टलवर अडकतात आणि परीक्षेचे प्रवेशपत्र खिडकीवर. 'विद्यार्थी केंद्रस्थानी' हा शब्दप्रयोग त्या पत्रात तीनदा आला आहे, मी मोजला.

माझ्या परिचयाचे एक निवृत्त प्राचार्य सज्जन गृहस्थ आहेत. त्यांना पत्र दाखवले तर म्हणाले, "अहो, हे उत्साह देण्याचे पत्र असते. त्यात वाद कशाला? आणि पदांना मान्यता शासन देते, कुलगुरू बिचारे काय करणार?" दुसरी गोष्ट खरी आहे. वित्त विभागाची परवानगी नसेल तर कुलगुरू एकही पद भरू शकत नाहीत. पण आकडा सांगायला वित्त विभागाची परवानगी लागत नाही! आमच्या विद्यापीठात अनुसूचित जातीची इतकी पदे रिक्त, जमातीची इतकी, भटक्या-विमुक्तांची इतकी, शासनाकडे अमुक तारखेला मागणी केली, असे चार ओळीत लिहिता येते. आणि वाद कोण घालतो आहे? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ साली विद्यापीठ सुधारणा समितीपुढे निवेदन दिले, तेव्हा केवळ परीक्षा घेणारे यंत्र बनलेल्या मुंबई विद्यापीठावर त्यांनी सरळ बोट ठेवले होते. पुढे विधिमंडळात मागास समाजाला सिनेटमध्ये जागा मिळावी म्हणून ते भांडले. तेव्हाही कोणाला तरी तो वादच वाटला असेल.

त्या संध्याकाळी आम्ही माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला. तीन प्रश्न होते. प्रवर्गनिहाय रिक्त पदे किती व बिंदुनामावली शेवटची कधी तपासून घेतली, भेदभावविरोधी अधिकारी कोण व मागील पाच वर्षांत किती तक्रारी साठ दिवसांत निकाली निघाल्या, आणि तासिका तत्त्वावरील किती शिक्षक दहा वर्षांहून अधिक काळ शिकवत आहेत. अर्ज पुढे सरकवला तेव्हा प्राध्यापक पेन हातात घेऊन बसून राहिले. पुढच्या आठवड्यात कार्यभाराची यादी लागणार होती.

"घरी दोन मुले आहेत, सर," एवढेच म्हणाले.

मी त्यांच्या हातातून पेन घेतले. हा अर्ज कोणताही नागरिक करू शकतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला, खाली माझे नाव लिहिले आणि सही केली. सोमवारी आवक विभागात जाऊन शिक्क्यासह पोच घेतली आहे. तीस दिवसांची मुदत तेव्हापासून चालू आहे.