माळेगावच्या यात्रेत जनावर कसं पाहावं

मार्गशीर्षाच्या वद्य पक्षात, म्हणजे साधारण डिसेंबरच्या अखेरीस, नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. छत्रपती संभाजीनगरहून जायचं तर रात्रीची रेल्वे धरावी, जालना-परभणीमार्गे नांदेडला उतरावं आणि लातूरकडे जाणारी एसटी पकडावी. लोह्याच्या पुढे थोड्याच अंतरावर माळेगाव आहे. पहिला दिवस देवस्वारीचा आणि पालखीचा असतो. पशुप्रदर्शन, अश्व आणि श्वान प्रदर्शन, कुस्त्या, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, यांचे दिवस नांदेड जिल्हा परिषद दरवर्षी जाहीर करते. ती पत्रिका पाहूनच निघावं, कारण जनावरं पाहायची असतील तर प्रदर्शनाचा दिवस चुकवून चालत नाही.

यात्रेची वेळ शेतीच्या हिशेबात नेमकी बसते. खरिपाचं पीक घरात आलेलं असतं, रब्बीची पेरणी उरकलेली असते, ज्वारी शेतात उभी असते. हातात थोडा पैसा असतो आणि बैलांना जरा उसंत असते. याच सुमारास, मार्गशीर्ष अमावास्येला, लातूर-नांदेडकडे येळवस हा शेतकऱ्यांचा सण साजरा होतो. एक जनावर विकून दुसरं घ्यायला, जोडी जुळवायला याहून सोयीचा काळ नाही.

प्रदर्शनाच्या मैदानावर सकाळी लवकर पोचावं. ऊन चढायच्या आत जनावरं धुतलेली, शिंगांना तेल लावलेली, ताजीतवानी असतात आणि मालकही बोलायला मोकळे असतात. नवखा माणूस आधी रंग पाहतो, तर तिथूनच सुरुवात करू.

तांबडी जनावरं दिसतील ती लाल कंधारी. कंधार तालुका इथून जवळच, त्यामुळे माळेगाव हे या जातीचं घरचं मैदान. अंगभर एकसारखा लाल रंग, कुठे फिका, कुठे तपकिरीकडे झुकणारा. वळू बहुधा गाईपेक्षा गडद असतो. बांधा मध्यम पण घट्ट, कपाळ रुंद आणि किंचित फुगीर, डोळ्यांभोवती काळसर कडा. पांढरे-काळे दिसतील ते देवणी. हे नाव लातूर जिल्ह्यातल्या देवणीवरून आलेलं आहे. देवणीत तीन प्रकार मानतात. अंग पांढरं आणि तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या तो वानेरा. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके विखुरलेले तो शेवेरा. जवळजवळ सगळा पांढरा, फक्त पोटाकडे ठिपके असलेला तो बालंक्या. लाल कंधारी मुख्यतः कामाची जात. देवणी ओढकामालाही चालते आणि दूधही देते. दोन्ही जाती मराठवाड्याच्या उन्हात आणि कमी चाऱ्यात तग धरतात, आणि म्हणूनच त्या टिकायला हव्यात असं मला मनापासून वाटतं.

रंगानंतर दात. मालक जनावराचा खालचा ओठ ओढून दाखवतो, तेव्हा जवळ जाऊन नीट पाहावं. गाय-बैलांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच. खाली आठ असतात. दुधाचे दात पडून त्यांच्या जागी कायमचे रुंद दात जोडीजोडीने येतात. एकही कायमचा दात आलेला नाही तो आदत. पहिली जोडी साधारण दोन-अडीच वर्षांची होताना येते, मग तो दोन दाती. पुढे चार दाती, सहा दाती, आणि पाच वर्षांच्या आसपास आठही दात आले की जुळला. म्हणजे जन्माचा दाखला जनावराच्या तोंडातच असतो. प्रदर्शनातले गटही याच वयाच्या हिशेबाने, जातीनुसार पाडतात: वळू वेगळे, गाई वेगळ्या, कालवडी वेगळ्या, बैलजोड्या वेगळ्या.

आता परीक्षक काय पाहतात ते बघू. आधी ते लांब उभे राहतात. जनावर जातीला धरून आहे का, हे लांबूनच कळतं. लाल कंधारीच्या अंगावर पांढरा डाग असेल तर तिथेच शंका येते. मग जवळ येऊन वशिंड, पाठीची रेघ, छातीची रुंदी, पाय सरळ पडतात का, खूर एकमेकांना चिकटलेले आहेत की फाकलेले, हे तपासतात. शेवटी जनावर चालवून बघतात. उभं असताना देखणं वाटणारं जनावर चालताना लंगडं किंवा आखडलेलं निघू शकतं. गाईची कास आणि सडांची ठेवण पाहतात. बैलजोडीत प्रत्येक बैल वेगळा चांगला असून भागत नाही. उंची, रंग आणि शिंगांचं वळण एकमेकांना जुळावं लागतं.

वळूच्या गटाकडे विशेष लक्ष द्यावं. बैल खच्ची केलेला असतो, त्याचे गुण त्याच्यापाशीच थांबतात. वळूचे गुण पुढच्या पिढीत उतरतात. नंबर आलेल्या वळूकडे आसपासच्या गावांतले लोक आपल्या गाई भरवायला नेतात. म्हणून मैदानावरचा एक निकाल पुढची काही वर्षं परिसरातल्या गोठ्यांत दिसत राहतो. बक्षिसाची रक्कम त्यापुढे किरकोळ आहे.

प्रदर्शनाला लागूनच बाजार. इथे बोलणं कमी आणि हात जास्त चालतात. दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली किंवा उपरण्याखाली हात धरतात आणि बोटं दाबून किमती सांगतात, म्हणजे शेजारच्याला आकडा कळत नाही. बैल मारका आहे का, जुंपल्यावर खाली बसतो का, हे विचारून आणि प्रत्यक्ष जुंपून पाहून घेतात. सौदा पटला की इसार दिला जातो. आता त्यात एक नवी पायरी आली आहे. कानातला बारा अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला १ जून २०२४ पासून राज्यात जनावरांच्या खरेदी-विक्रीसाठी बंधनकारक झाला. २०२२ मध्ये लम्पी त्वचारोगामुळे राज्यातले जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले होते. कुठलं जनावर कुठून आलं हे कळणं किती गरजेचं आहे, ते तेव्हा सगळ्यांनाच उमगलं.

घोडे आणि कुत्री खंडोबाच्या यात्रेत असणं साहजिकच आहे. घोडा देवाचं वाहन आणि कुत्रा त्याचा सोबती. घोड्यांमध्ये कान आतल्या बाजूला वळलेले, टोकं एकमेकांकडे झुकलेली दिसली तर ते मारवाडी किंवा काठियावाडी रक्त. पारखी लोक अंगावरचे भोवरे पाहतात, चारही पाय आणि कपाळ पांढरं असलेल्याला पंचकल्याण म्हणतात आणि रेवाल चालीला वेगळी किंमत मोजतात. श्वान प्रदर्शनात लांब पायांचे, बारीक कमरेचे कारवान शोधावेत. दख्खनची ही शिकारी जात लातूरकडे अजून पाळली जाते. गाढवांचा बाजार मात्र घाईत ओलांडू नये. वडार, बेलदार, कुंभार कुटुंबांचं पोट ज्या जनावरावर चाललं, त्याची पारख करणारी माणसं तिथेच भेटतात.

जत्रेत पूर्वी दरवेशाचं अस्वल आणि माकडांचे खेळ असत. १९९८ मध्ये केंद्र सरकारने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांचे खेळ दाखवायला बंदी घातली. २०११ मध्ये त्या यादीत बैलाचं नाव आलं आणि त्याच आधारावर मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा बदलला, डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. त्यामुळे आज शंकरपट पाहताना नियमही पाहावेत. धाव १,००० मीटरपेक्षा लांब नको, चाबूक नको, विजेचा झटका नको, पशुवैद्यक हजर हवा. हे पाळलं जात नसेल तर तिथून उठून जावं आणि आयोजकांना तसं सांगावं.

माझी एक मागणी आहे. निकालाच्या वेळी नंबर पुकारले जातात, कारण सांगितलं जात नाही. पहिला वळू दुसऱ्यापेक्षा कशात सरस ठरला, हे परीक्षकांनी ध्वनिक्षेपकावरून दोन वाक्यांत सांगावं. भोवती उभ्या असलेल्या तरुण शेतकऱ्यांना ते ऐकायचं असतं. जिल्हा परिषदेने एवढं करावं, याला पैसा लागत नाही.