परभणीच्या आईबाबांनी अ‍ॅरिझोनाला केव्हा जावं?

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असलेल्या परभणीच्या घरांत तिकिटाचा हिशेब बहुधा एकच असतो. पाडवा झाला की निघायचं आणि महालक्ष्म्या बसायच्या आत परत यायचं. व्हिजिटर व्हिसावर तिथे उतरल्यावर साधारण सहा महिन्यांची मुदत मिळते, ती पुरेपूर वसूल होते आणि वर परभणीचा उन्हाळा चुकतो. मुलं न्यू जर्सीला, शिकागोला किंवा सिअ‍ॅटलला असतील तर या हिशेबात खोट काढायला जागा नाही. मुलं फिनिक्स, चँडलर किंवा टूसॉनला असतील, तर मात्र तो साफ उलटा पडतो.

चँडलरला इंटेलचे कारखाने बरीच वर्षं आहेत. उत्तर फिनिक्सला आता तैवानच्या टीएसएमसीनेही चिपचा कारखाना उभा केला आहे. म्हणजे इंजिनिअर मुलांचे आईबाबा यापुढे या वाळवंटाकडे जास्तच जाणार. त्यांनी आधी दोन्हीकडचे ऋतू शेजारी ठेवून पाहावेत. परभणीत मेमध्ये पारा चाळिशीच्या पार जातो, पण जूनमध्ये मृगाचे ढग आले की तो उतरणीला लागतो. फिनिक्समध्ये जून हा सगळ्यांत कोरडा महिना. तिथे दुपारचं सरासरी तापमान फेब्रुवारीत 21-22 अंश, मार्चमध्ये 25-26, एप्रिलमध्ये 30 च्या आसपास. मेमध्ये ते 35 होतं, जूनमध्ये 40 आणि जुलैमध्ये 41 च्याही वर. पाऊस तिथेही येतो, त्यालाही मान्सूनच म्हणतात, पण तो जुलैत येतो आणि हवा थंड करण्यापेक्षा धूळच जास्त उडवतो. 2023 च्या उन्हाळ्यात फिनिक्सचा पारा सलग 31 दिवस 43 अंशांच्या वर गेला होता. तिथला विक्रम 26 जून 1990 चा, 50 अंशांचा. म्हणजे मराठवाड्याचा उन्हाळा चुकवायला निघालेलं जोडपं थेट त्याहून मोठ्या भट्टीत जाऊन बसतं, तेही एसीच्या बंद घरात, आणि इकडे परभणीत मस्त पाऊस पडत असतो. संक्रांतीनंतर निघावं आणि एप्रिलअखेर परतावं, हा तिथला खरा मुहूर्त.

अमेरिकेतल्या म्हाताऱ्यांना हे केव्हाच कळलंय. मिनेसोटा, डकोटा आणि कॅनडातली निवृत्त मंडळी थंडी सुरू झाली की गाड्या घेऊन अ‍ॅरिझोनात उतरतात आणि एप्रिलमध्ये परत जातात. 1 जानेवारी 1960 ला फिनिक्सच्या वायव्येला, कापसाच्या शेतांवर, डेल वेब नावाच्या बिल्डरने 'सन सिटी' हे फक्त उतारवयातल्या लोकांचं गाव सुरू केलं, तेव्हा पहिल्या दोन-तीन दिवसांतच सुमारे एक लाख लोक ते बघून गेले म्हणतात. घर, गोल्फचं मैदान, पोहण्याचा तलाव, दुकानं, आणि शेजारीपाजारी सगळे आपल्याच वयाचे. अ‍ॅरिझोनातल्या शाळांतून राज्याच्या पाच दौलती शिकवत आले आहेत: तांबं, गुरं, कापूस, लिंबूवर्गीय फळं आणि पाचवी, हवा. हवेला दौलत म्हणणं हे उन्हाळ्यात तिथे राहून बघितलेल्या माणसाला पटणार नाही, पण फाल्गुनात ते शंभर टक्के खरं आहे.

त्या पाचांतल्या दोन दौलती तर मानवत-सेलूच्या माणसाला शिकवाव्याच लागत नाहीत. जगभर 'पिमा' म्हणून विकला जाणारा लांब धाग्याचा कापूस हे नाव मिरवतो ते अ‍ॅरिझोनाच्या पिमा आदिवासींचं. सॅकाटनच्या सरकारी प्रक्षेत्रावर त्यांच्या मदतीने तो वाढवला गेला. मार्चमध्ये फिनिक्सच्या जुन्या वस्त्यांतून चालताना संत्र्याच्या फुलांचा वास येतो, आणि ज्यांनी मोसंबीचा आंबे बहार धरलेला आहे त्यांना तो डोळे मिटूनही ओळखता येईल.

खरी गंमत शहराबाहेर आहे. वाळवंट म्हटलं की जैसलमेरची वाळू डोळ्यांपुढे येते. सोनोरन वाळवंट तसं अजिबात नाही. तिथे पाऊस दोनदा पडतो, हिवाळ्यात संथ आणि उन्हाळ्यात गडगडाटी. काळ्या रानातल्या ओलीवर आपली रब्बीची ज्वारी निघते, तशी तिथल्या हिवाळी ओलीवर फेब्रुवारी-मार्चमध्ये डोंगरउतारांवर पिवळी-केशरी रानफुलं निघतात. हिवाळा कोरडा गेला तर त्या वर्षी फुलं नाहीत. मग एप्रिलमध्ये पालो वर्दे फुलते. या झाडाचं खोडच हिरवं असतं आणि पानं गळाली तरी अन्न तयार करत राहतं. पिवळ्या फुलांनी ते इतकं भरतं की फूटपाथवरही सडा पडतो. 1954 पासून ते राज्यवृक्ष आहे. त्याचीच एक काटेरी बहीण आपल्याकडे कुंपणाला लावलेली दिसते.

नातेवाईक तेवढेच नाहीत. ओढ्याकाठी वाढलेलं मेस्कीट बघितल्यावर परभणीकर 'ही तर वेडी बाभूळ' म्हणेल आणि ते फारसं चुकीचं नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आणलेली आणि आज आपल्या गायरानांत माजलेली वेडी बाभूळ मेस्कीटच्याच कुळातली आहे. फरक एवढाच की तिथले ओओधम आदिवासी तिच्या गोड शेंगांचं पीठ करून खात आले आहेत, आणि आपण तिच्याकडे सरपणापलीकडे पाहिलं नाही. फड्या निवडुंग तिकडचाच. त्याचे कोवळे फड काटे काढून, चिरून भाजीला घेतात. बांधावरचा घायपातही मूळ त्याच मुलखातला. तेव्हा जे आपण अस्सल मराठवाडी माळरान समजतो, त्यातलं बरंच अमेरिकेतून आलेलं आहे. कृषी विद्यापीठाच्या गावातून गेलेल्या माणसाने तरी हे डोळे उघडे ठेवून बघावं.

नातं नाही ते सवारोशी. सिनेमातला हात वर केलेला निवडुंग तो हाच, आणि जगात तो फक्त सोनोरन वाळवंटातच आपसूक उगवतो. पहिल्या आठ-दहा वर्षांत त्याची उंची बोटाच्या पेरांत मोजावी लागते. पहिला हात फुटायला पन्नास ते पंचाहत्तर वर्षं लागतात. दीडशे वर्षं तो सहज जगतो. अंगावरच्या निऱ्या पावसानंतर फुगतात, पाणी संपेल तशा आत जातात. टूसॉनच्या दोन्ही बाजूंना सवारोचं राष्ट्रीय उद्यान आहे. तिथला सपाट, छोटा फेरफटका गुडघे दुखणाऱ्यांनाही जमतो. पांढरी फुलं एप्रिलअखेर यायला लागतात, म्हणजे आपण निघता निघता.

कूलर दिसला तर मात्र घरी आल्यासारखं वाटेल. लाकडाच्या भुश्शाच्या जाळीवर पाणी सोडून पंख्याने हवा ओढायची ही युक्ती 1930 च्या दशकात अ‍ॅरिझोनाच्या घराघरांत पोचली. जुलैत हवा दमट झाली की तो तिथेही निकामी होतो. वसमत रोडवर राहणाऱ्याला याचं कारण समजावून सांगायला नको.

आता पाणी. फिनिक्सला वर्षाला सरासरी 180 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. परभणीला त्याच्या चार-पाच पट. तरी फिनिक्सच्या नळाला चोवीस तास पाणी असतं आणि आपल्याकडे चैत्र लागला की टँकरची बातमी येते. हे कसं, हा प्रश्न तिथे गेलेल्या प्रत्येक मराठवाड्याच्या माणसाला पडतो आणि 'अमेरिका आहे बाबा ती' एवढ्यावर तो सोडून देणं मला आळशीपणाचं वाटतं.

पहिलं उत्तर कालव्याचं आहे. होहोकाम लोकांनी कित्येक शतकांपूर्वी सॉल्ट नदीवर कालव्यांचं जाळं खोदलं होतं. 1860 च्या दशकात आलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्याच रेषांवर पुन्हा पाणी खेळवलं. शहराला राखेतून उठणाऱ्या पक्ष्याचं नाव मिळालं ते त्या जुन्या वस्तीमुळे. 1911 मध्ये रूझवेल्ट धरण झालं. पुढे कोलोराडो नदीचं पाणी आणण्यासाठी 1973 ते 1993 अशी वीस वर्षं कालवा खणला गेला. तो 541 किलोमीटर लांब आहे आणि वाटेत पाणी सुमारे 880 मीटर वर चढवावं लागतं. जायकवाडीचा डावा कालवा 208 किलोमीटरचा, तोही उताराने येणारा, आणि त्याचं आवर्तन टेलपर्यंत पोचलं का ही चर्चा आपण दर वर्षी करतो.

पण त्यांचीही नदी आटते आहे. कोलोराडोचं पाणी सात राज्यं आणि मेक्सिको वाटून घेतात, राज्यांमधल्या वाटपाचा करार 1922 चा. ऑगस्ट 2021 मध्ये केंद्र सरकारने पहिल्यांदाच टंचाई जाहीर केली आणि 2022 पासून पहिला फटका बसला तो फिनिक्सच्या दक्षिणेला पिनाल काउंटीत कापूस आणि लसूणघास पिकवणाऱ्यांना. शहराचे नळ चालू, शेतकऱ्याचा कालवा बंद. वरच्या धरणांतून नाथसागरात किती सोडायचं यावर 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याचा आधार घेऊन कोर्टात भांडणाऱ्या मराठवाड्याला यात नवीन काय वाटणार?

एक गोष्ट मात्र उचलण्यासारखी आहे. अ‍ॅरिझोनाने 1980 मध्ये भूजल कायदा केला. फिनिक्स-टूसॉन भागात नवं प्लॉटिंग करायचं तर पुढच्या शंभर वर्षांचं पाणी आहे हे आधी दाखवावं लागतं. निव्वळ बोअरच्या भरवशावर नव्या वस्त्यांना परवानगी नाही, असं जून 2023 मध्ये राज्याने फिनिक्सच्या बाबतीत सांगून टाकलं. आपल्याकडे प्लॉट आधी पडतात, बोअर मग.

तब्येतीचं थोडक्यात. त्या हवेत घाम दिसत नाही, जागच्या जागी उडतो, म्हणून तहान लागायची वाट न बघता पाणी पीत राहावं. तिथल्या मातीत एक बुरशी असते, धुळीबरोबर ती फुप्फुसात गेली तर 'व्हॅली फीव्हर' होतो. बहुतेकांना कळतही नाही, पण उतारवयात आणि मधुमेहात तो त्रास देऊ शकतो. खोकला, ताप, एक्स-रेवर डाग ही लक्षणं क्षयासारखी दिसतात, तेव्हा परतल्यावर असं काही झालं तर डॉक्टरांना अ‍ॅरिझोनाला जाऊन आल्याचं आवर्जून सांगावं. विंचूही आहेत. जालना जिल्ह्यातून पुढे आलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडला प्राझोसिन वापरून विंचूदंश झालेल्यांचे प्राण वाचवले हे आपल्याला ठाऊक आहे, पण तो आपला लाल विंचू. तिकडच्याचं विष मज्जासंस्थेवर जातं आणि उपचार वेगळा आहे. घरचे उपाय न करता थेट दवाखाना गाठायचा. प्रवासी विमा घेताना आधीपासूनचा बीपी, मधुमेह त्यात किती धरला आहे, ते बारीक अक्षरात वाचून घ्या.

एकटेपणावर उपाय मुलांच्याच हातात आहे. तिथे गाडीशिवाय दूधसुद्धा आणता येत नाही, म्हणून दर आठवड्याला एक दिवस त्यांनी आधीच ठरवून द्यावा. अ‍ॅरिझोनात बहुतेक ठिकाणी घड्याळ पुढे-मागे करत नाहीत, त्यामुळे परभणीशी फरक वर्षभर साडेबारा तासांचाच राहतो. इथल्या सायंकाळच्या साडेसातला तिथे सकाळचे सात. नातेवाइकांच्या फोनची वेळ कधी चुकत नाही.

या सगळ्या हिशेबात एक उणी बाजू आहे: मे महिना परभणीतच काढावा लागतो. पण तेव्हा बाजारात आंबा असतो. रसाच्या जेवणाआधी परतायचं की नाही, यावर घरात मतभेद होण्याचं कारण नाही.