भेडाघाटचे वर्तुळ आणि सातचा पेच

मध्ययुगीन युरोपात व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व शिकून झाले की विद्यार्थ्यापुढे गणिताचे चार विषय येत: अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल. सहाव्या शतकाच्या आरंभी बोएथियसने या चौकडीला ‘क्वाड्रिव्हियम’ म्हटले. अंकगणितात निखळ संख्या, भूमितीत आकृती, संगीतात स्वरांची गुणोत्तरे आणि खगोलात ग्रहांची गती अभ्यासली जाई. विषय वेगळे असले तरी संख्या आणि आकृती यांची गाठ किती पक्की आहे, हे नर्मदाकाठच्या भेडाघाटला दिसते.

तेथील टेकडीवरचे चौसष्ट योगिनी मंदिर त्रिपुरीच्या कलचुरींच्या काळात, इ. स. १०००च्या सुमारास उभे राहिले. आराखडा गोल, व्यास सुमारे १२५ फूट. भिंतीच्या आतून फिरणाऱ्या ओवरीचे ८४ खण आहेत. त्यांतले तीन ये-जा करण्यासाठी मोकळे आणि उरलेले ८१ मूर्तींसाठी.

वर्तुळाचे ८४ समान भाग करायचे, म्हणजे आधी १२ आणि मग प्रत्येकाचे ७. बारा भाग सोपे आहेत. त्रिज्येएवढ्या अंतराने परिघावर सहा खुणा होतात. प्रत्येक कंस दुभागला की बारा. अडते ते सातपाशी. युक्लिडने वर्तुळात पंचकोन, षट्कोन, अगदी पंधरा बाजूंची आकृतीही काढून दाखवली. समभुज सप्तकोन मात्र नाही. नुसत्या पट्टी-कंपासाने तो अचूक काढताच येत नाही, हे १८३७मध्ये फ्रेंच गणिती पिएर वाँझेलच्या सिद्धतेने स्पष्ट झाले. व्यवहारात दोरीने परीघ मोजून भाग पाडता येतात, नाहीतर बाजूची लांबी आकडेमोडीने काढावी लागते.

ही दुसरी वाट भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त आहे. व्यास १,२०,००० धरून त्रिकोणापासून नवकोनापर्यंत प्रत्येक आकृतीची बाजू त्यात दिली आहे. सप्तकोनाची बाजू ५२,०५५. आजच्या हिशेबाने ती ५२,०६६ येते. १२५ फूट व्यासाच्या वर्तुळात हा फरक जेमतेम साडेतीन मिलिमीटर भरतो.

‘लीलावती’ हा ११५०च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’चा पहिला भाग, पुढचे तीन म्हणजे बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ स्थापला. त्याची नोंद तेथील १२०७च्या शिलालेखात आहे. या अभ्यासक्रमात भूमितीला वेगळा ग्रंथ नव्हता. त्रैराशिक आणि व्याजाचे हिशेब ज्या ‘लीलावती’त, त्याच ‘लीलावती’त वर्तुळ आणि सप्तकोनही होते.