जुन्या जीपचा ब्रेक : कधी लागतो, कधी दगा देतो



आपल्याकडे बऱ्याच घरी अजून जुनी जीप आहे. भाजीची पोती बाजारात, येताना खताच्या गोण्या, लग्नसराईत वऱ्हाड, सगळं तिच्यावरच. अशा गाडीचा ब्रेक साफ गेला तर निदान कळतं तरी. माणूस गाडी उभी करतो. खरा धोका आज लागणाऱ्या आणि उद्या न लागणाऱ्या ब्रेकचा. मिस्त्रीकडे न्यावी तर तिथे तो ठणठणीत! मिस्त्री म्हणतो, "काही नाही, जा घेऊन." आणि मग माळशेजच्या उतारावर, मागे टमाट्याचे क्रेट भरलेले असताना, पायडल खाली जातं.

म्हणून पहिली गोष्ट ही, की दोष केव्हा येतो ते लक्षात ठेवा. गाडी थंड होती की तापलेली? ब्रेक दणकन दाबला होता की हळू? ओढ्यातून आलात का? एवढं मिस्त्रीला सांगितलंत तर निम्मं काम झालं.

जुन्या जीपमध्ये पायडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधला रबरी कप तेलाला पुढे ढकलतो. ते तेल नळीतून चारी चाकांकडे जातं आणि ड्रममधले शू फाकवतं. हा कप झिजला की त्याची मजा बघा. दणकन दाबलं तर तेलाच्या दाबाने कपाची कड फाकून भिंतीला चिकटते, ब्रेक लागतो. हळूहळू दाबलं तर कड चिकटत नाही, तेल कडेने मागे सरकतं आणि पायडल तळाला जातं. गॅरेजात मिस्त्री पाय जोरात मारतो, म्हणून त्याला दोष सापडत नाही.

ही परीक्षा घरी करा. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना दगड लावा. पायडल मध्यम जोराने मिनिटभर दाबून धरा. मग पुन्हा अगदी हळू दाबा. ते खाली खाली जात राहिलं आणि टाकीतलं तेल मात्र कमी होत नसेल, तर दोष बहुतेक मास्टर सिलिंडरचाच. तेल कमी होत असेल तर गळती शोधा. चाकाच्या आतल्या बाजूला ओल, नळीच्या जोडावर चिकट धूळ, पायडलाजवळ ओघळ, हे बघा. जुन्या गाड्यांत पुष्कळदा चारी चाकांना एकच तेलमार्ग असतो. एका चाकाशी नळी फुटली तरी चारींचा ब्रेक जातो. नुसतं तेल ओतून दिवस ढकलू नका.

पहिल्यांदा पायडल खोल जातं, दोनदा मारल्यावर वर येतं? तर शू आवळायला झालेत किंवा लायनर झिजलंय. पायडल स्पंजासारखं लागलं तर तेलात हवा शिरली आहे.

घाट उतरतानाच दोष येत असेल तर पायाला काय जाणवलं ते आठवा. पायडल कडक, पण गाडी थांबत नाही, म्हणजे लायनर तापलंय. पायडल पोकळ झालं, म्हणजे तेल उकळलंय. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ३ जातीचं नवं तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्के पाणी मुरलं तर १४० अंशांलाही उकळू शकतं. तेलाची वाफ दबते, पण ब्रेक लागत नाही. गाडी थंडावली की ब्रेक पुन्हा चांगला! यासाठी दर दोन वर्षांनी सगळं तेल बदलावं, आणि घाट खालच्या गिअरमध्येच उतरावा. न्यूट्रलमध्ये डिझेल वाचवू नये.

ओढ्यातून आल्यावर ड्रम ओले होतात. थोडं अंतर हळू चालवत पायडल हलकं दाबून ते सुकवा.

उलटाही प्रकार असतो, ब्रेक सुटतच नाही. चालवून आल्यावर प्रत्येक ड्रमजवळ हात न्या, टेकवू नका. चारी तापले असतील तर पायडलाला मोकळी चाल उरलेली नाही. तेल टाकीत परतण्याचं बारीक छिद्र कपाखाली झाकलं जातं. एकच तापला असेल तर गाडीला दगड लावून, ते चाक जॅकवर उचलून त्याचं निपल जरा सैल करा. तेल उडून चाक सुटलं तर रबरी नळी आतून सुजली आहे. नाही सुटलं तर शूची स्प्रिंग किंवा चाकातला सिलिंडर अडकलाय.

चालत्या गाडीत पायडल खाली गेलंच तर भराभर पंप मारा, एकेक गिअर उतरवा, हँडब्रेक हळूहळू ओढा आणि डोंगराची बाजू धरा. इंजिन बंद करू नका.

कप बदलताना सिलिंडर रॉकेल किंवा डिझेलने धुऊ नका, तेलाच्या जागी इंजिन ऑइलही घालू नका. त्याने रबर फुगतं. धुवायचं ते नव्या ब्रेक ऑइलनेच. हवा मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून काढत या, आणि निघालेलं तेल परत टाकीत ओतू नका.