स्वस्त पाण्याचे महाग गणित

एप्रिल २०२५ मध्ये मुंबईतील खाजगी टँकरचालकांनी संप पुकारला. भूजल उपसण्यासाठी केंद्रीय भूजल प्राधिकरणाचे ना-हरकत प्रमाणपत्र सक्तीचे करणारे नियम त्यांना जाचक वाटत होते. संप अल्पकाळातच मिटला. परंतु तेवढ्या अवधीत दररोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी पुरविणाऱ्या महानगरपालिकेला आपत्ती व्यवस्थापन कायद्याचा आधार घेऊन टँकर आणि खाजगी विहिरी ताब्यात घेण्याची घोषणा करावी लागली. देशातील सर्वांत श्रीमंत म्हणून गणल्या जाणाऱ्या महापालिकेच्या नळयोजनेला समांतर अशी दुसरी पाणीव्यवस्था या शहरात नांदत आहे आणि ती चार दिवस थांबली तरी शहर कासावीस होते, हे त्या निमित्ताने उघड झाले.

या दोन व्यवस्थांतील दरांची तुलना उद्बोधक आहे. महापालिकेच्या घरगुती पाण्याचा दर अलीकडच्या वर्षांत हजार लिटरला सहा-साडेसहा रुपयांच्या आसपास राहिला आहे. दहा हजार लिटरच्या टँकरला मात्र हजार रुपयांहून अधिक, उन्हाळ्यात तर त्याच्याही बरेच वर, मोजावे लागतात. म्हणजे टँकरचे पाणी नळाच्या पाण्याच्या किमान पंधरापट महाग पडते. झोपडपट्टीत पिंपावर पाणी विकत घेणाऱ्या कुटुंबाचा हिशेब याहूनही कठोर असतो. तेव्हा पाणीपट्टी वाढविण्याचा विषय निघताच ‘गरिबांनी काय करायचे?’ असा जो प्रश्न सभागृहात मोठ्या तळमळीने विचारला जातो, त्याचे उत्तर असे आहे की, ज्या गरिबाच्या दारात नळच नाही त्याला पाणीपट्टीच्या दराशी काही कर्तव्य नाही. स्वस्ताईचा खरा लाभ जोडणी असलेल्याला होतो. आणि ज्याचा वापर मोठा, त्याला तो अधिक होतो.

जोडणी कोणाला मिळावी हा म्हणूनच या प्रश्नाचा गाभा आहे. ठराविक तारखेनंतर उभ्या राहिलेल्या झोपड्यांना अधिकृत पाणी द्यायचे नाही, असे धोरण मुंबईत दीर्घकाळ चालले. पाणी दिले तर अनधिकृत बांधकामास मान्यता मिळेल, ही त्यामागील भीती. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हक्क समितीच्या याचिकेवर निकाल देताना जगण्याच्या मूलभूत हक्कात पाण्याचा हक्क अंतर्भूत असल्याचे स्पष्ट केले आणि अशा वस्त्यांसाठी धोरण आखण्याचा आदेश महापालिकेला दिला. या रहिवाशांकडून अधिक दर घेण्याची मुभाही न्यायालयाने ठेवली होती. वस्तुतः हा सौदा महापालिकेच्या हिताचाच होता, कारण दलालाला पिंपामागे पैसे मोजणारा माणूस त्याच्या काही अंशाने कमी रक्कम सरकारी खिडकीत आनंदाने भरील. तरीही ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण प्रत्यक्षात यायला २०२२ साल उजाडावे लागले.

दराच्या बाबतीत महापालिकेने काहीच विचार केलेला नाही असे नव्हे. दरडोई दररोज दीडशे लिटरपर्यंत मूळ दर, त्यापुढे दोनशेपर्यंत दुप्पट, अडीचशेपर्यंत तिप्पट आणि त्यापलीकडे चौपट अशी चढत्या भाजणीची रचना मुंबईत केलेली आहे. कागदावर ती निर्दोष दिसते. परंतु बहुतेक इमारतींना मिळून एकच जलमापक असतो आणि देयक गृहनिर्माण संस्थेच्या देखभाल खर्चात विरून जाते. आपण किती पाणी वापरले हे घरात कोणालाच कळत नाही. मग चौपट दराचा धाक वाटावा तरी कोणाला? दरवर्षी कमाल आठ टक्क्यांपर्यंत वाढ करण्याची मुभा २०१२ मध्ये प्रशासनाने मिळविली खरी; पण २०२३ मध्ये राजकीय विरोध होताच ती वाढ बासनात गेली.

या संदर्भात कराडशेजारच्या मलकापूरचे उदाहरण महानगरांनी अभ्यासण्यासारखे आहे. या छोट्या गावाने महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या साहाय्याने घरोघरी जलमापक बसविले, टप्प्याटप्प्याने चढणारे दर लावले आणि चोवीस तास पाणी देऊन दाखविले. चोवीस तास पाणी म्हणजे उधळपट्टी, अशी आपली समजूत असते. अनुभव उलट आहे. ठराविक वेळी पाणी येणाऱ्या घरात भांडी, टाक्या भरून ठेवल्या जातात आणि नवे पाणी आले की कालचे ‘शिळे’ म्हणून ओतून दिले जाते. शिवाय नळ बंद असताना वाहिनीतील दाब नाहीसा होऊन बाहेरची घाण फटींतून आत शिरते, हा रोगराईचा भाग वेगळाच. मुंबईची गुंतागुंत मलकापूरला नाही, हे मान्य. परंतु मोजमाप ही काही खेड्यापुरती गोष्ट नव्हे.

आतापर्यंतचा हिशेब शहराच्या आतला झाला. या पाण्याचे मूळ मात्र शहरात नाही. १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी शहराला मिळाले आणि १८९२ मध्ये तानसाचे. तेव्हापासून मुंबईची तहान उत्तरेकडे सरकत गेली आहे. १९५७ मधील मोडकसागर आणि त्यानंतरचे भातसा ही दोन्ही धरणे, तानसाप्रमाणेच, शहापूर तालुक्यात आहेत. मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांच्या एकूण उपयुक्त साठ्यापैकी जवळजवळ निम्मा एकट्या भातसात आहे. त्याच शहापूर तालुक्यातील पाडे दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात आणि त्यांच्या शेजारून मुंबईच्या जलवाहिन्या जातात. सहा-साडेसहा रुपयांच्या दरात धरणाचा, वाहिनीचा, विजेचा, शुद्धीकरणाचा खर्च कमीअधिक धरलेला असेल. शहापूरच्या स्त्रियांच्या पायपिटीचा त्यात कोठेच उल्लेख नाही. २००५ च्या कायद्याने स्थापन झालेले महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण ठोक पाण्याचे दर ठरविते. ज्या तालुक्यातून पाणी उचलले जाते त्याच्या पिण्याच्या पाण्याचा भार शहराच्या पाणीपट्टीत समाविष्ट करण्याचा विचार तेथे होण्यास प्रत्यवाय नसावा.

त्याऐवजी चर्चा चालते ती पुढील धरणाची. वाडा तालुक्यातील गारगाई प्रकल्पातून दररोज ४४० दशलक्ष लिटर पाणी मिळावे अशी योजना आहे. त्यासाठी तानसा अभयारण्यातील जंगल तोडावे लागेल आणि आदिवासी वस्त्यांना उठावे लागेल. इकडे शहराला पुरविल्या जाणाऱ्या पाण्यापैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक पाणी गळती, चोरी आणि सदोष मापन यांपायी हिशेबाबाहेर जाते. ३,८५० दशलक्ष लिटरांचा चौथा हिस्सा म्हणजे साडेनऊशे दशलक्ष लिटरांहून अधिक, अर्थात गारगाईच्या दुपटीहून जास्त. त्यातील सर्वच पाणी परत मिळविता येणार नाही आणि ज्या चोरीमागे नळ नाकारलेली वस्ती आहे तिचा उपाय पोलीस नसून जोडणी हाच आहे. पण निम्मे पाणी जरी हिशेबात आले, तरी गारगाईची एक झाडही तोडण्यापूर्वी फेरमांडणी करावी लागेल.