पेटीतली पैठणी

श्रोतेहो, गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. निफाडला पारा भलताच खाली गेल्याच्या बातम्या येत होत्या आणि आमच्या नाशकातही सकाळी अंघोळीला जायचे म्हणजे संकट वाटत होते. स्वेटर काढावेत म्हणून माळ्यावरची लोखंडी पेटी मी खाली घेतली. स्वेटरांच्या तळाशी मांजरपाटात गुंडाळलेली माझ्या आजीची पैठणी होती. वांगी रंगाची, नारळी काठाची. कॉलेजात जाणाऱ्या आमच्या कन्येने ती पाहिली मात्र, लगेच म्हणाली, "बाबा, ह्याचं जॅकेट शिवू या! जीन्सवर काय मस्त दिसेल!"

माझी आई तिथेच बसली होती. ती इतकेच म्हणाली, "पैठणीला कात्री लागायची नाही."

झाले! नात आणि आजी यांच्यामध्ये मी सापडलो. पण पैठणी उलगडली आणि वाद जागच्या जागी थांबला. अंगाचे रेशीम घडीघडीवर चिरले होते. आम्ही जपून जपून ती संपवली होती.

असे का होते? रेशमाचा धागा मजबूत खरा. पण वर्षानुवर्षे एकाच रेघेवर दुमडलेला राहिला, की तिथेच तो मोडतो. जरीचे वजन त्यात भर घालते. म्हणून जाणत्या बायका वर्षातून दोनदा तरी घडी मोडून दुसरी घालीत, साडीला सावलीत वारा देत. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमटपणा कोंडतो, तेव्हा ती नको. धुतलेले सुती कापड उत्तम. डांबराच्या गोळ्या जरीला टेकू देऊ नयेत.

आता कन्येच्या हौसेबद्दल. जुन्या तऱ्हा पुन्हा अंगावर आणण्याचे हे वेड आजचेच, असे समजण्याचे कारण नाही. 1973 साली 'बॉबी' चित्रपट आला आणि ठिपक्यांच्या कापडाला लोक 'बॉबी प्रिंट' म्हणू लागले. ते ठिपके मधूनमधून परत येतच असतात. आईच्या पिढीने जे जुनाट म्हणून टाकले, ते नातीला नवे वाटते. कारण ते वापरून कंटाळण्याची पाळी तिच्यावर आलेलीच नसते.

आणि भडकपणाचे म्हणाल, तर तो काही परदेशातून यायला नको. आपल्या आज्यापणज्या रंगांच्या बाबतीत आपल्यापेक्षा धीट होत्या. लुगडे एका रंगाचे आणि खणाची चोळी भलत्याच रंगाची, हीच जुनी रीत. साडीतलाच तुकडा कापून 'मॅचिंग' ब्लाउज शिवायचा, ही त्यामानाने अलीकडची सवय. पैठणीतही उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा घेतला, की उजेडाप्रमाणे रंग पालटतो. त्याला आपण धूपछाव म्हणतो. तेव्हा एखाद्या मुलीने साध्या पांढऱ्या कुडत्यावर गुलबक्षी खणाचे जॅकेट घातले, तर ती आजीचीच वाट चालते आहे! मात्र एक पथ्य पाळावे: अंगावर एकच वस्तू बोलकी असावी, बाकीच्यांनी गप्प बसावे. सगळ्याच बोलू लागल्या, की कोणाचेच ऐकू येत नाही.

दुसरे पथ्य ऋतूचे. संक्रांतीला काळी चंद्रकळा नेसायची, यात नुसती रूढी नाही. काळा रंग उन्हाची उष्णता शोषून घेतो आणि थंडीत ती हवीहवीशी वाटते. रेशीमही अंगाची ऊब धरून ठेवते. म्हणून खण, पैठणी, ठसठशीत गडद रंग यांचे खरे दिवस कार्तिकापासून माघापर्यंतचे. चैत्र-वैशाखात घाम टिपणारे सैल सुती कापड, फिके रंग आणि हौस भागवायला एखादा रंगीत काठ पुरे. पावसाळ्यात रेशमाला विश्रांती द्यावी. ओल्या हवेत ते डागाळते, आणि कच्चा रंग शेजारच्या कपड्यालाही लागतो.

असो. आजीची पैठणी घेऊन आम्ही तिघे येवल्याला गेलो. गोदावरी आमच्या जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरी उगम पावून पैठणला जाते. पैठणचे नाव धारण केलेली ही कला मात्र आज येवल्याच्या मागांवर नांदते आहे. 2010 साली पैठणीला भौगोलिक मानांकनही मिळाले. एका विणकरांच्या घरी मागापाशी बसलो. पदरावरचा मोर ते रंगारंगाच्या लहान कांड्यांनी, धाग्यात धागा गुंतवीत विणत होते. साध्या साडीला काही आठवडे आणि भरगच्च पदराला कित्येक महिने का लागतात, ते पाहिल्यावर किमतीबद्दल घासाघीस करण्याची इच्छाच राहिली नाही.

त्यांनी पदर उलटा करून दाखवला. मागची बाजू पुढच्यासारखीच! हातविणीच्या पदराची हीच ओळख. यंत्रमागाच्या नकलेत मागे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. हे मला आधी ठाऊक असते, तर बहिणीच्या लग्नात हातमागाचे दाम मोजून यंत्राची साडी मी घेतली नसती. यंत्राची साडी वाईट, असे माझे म्हणणे नाही. आपल्या मालेगावचे किती संसार यंत्रमागावर उभे आहेत! पण यंत्राची वस्तू हाताची म्हणून विकली, की नुसते गिऱ्हाईक फसत नाही. महिनोन् महिने मागावर बसणाऱ्याचा घास जातो.

आमची पैठणी निरखून ते म्हणाले, "ताई, अंग गेलंय, रफू टिकायचं नाही. पदर आणि काठ मात्र शाबूत आहेत. नेसली असती, तर जास्त जगली असती."

आई परतीच्या वाटेवर काहीच बोलली नाही. घरी आल्यावर तिने स्वतःच कात्री मागून घेतली. पदर अखंड ठेवून त्याला मागून मलमलीचे अस्तर लावले. काठ आणि अंगाचे धड तुकडे नातीपुढे ठेवले. जुने कापड ताण सोसत नाही, म्हणून शिंप्याने ते खादीच्या जॅकेटवर नुसते टाचून दिले. संक्रांतीला काळ्या कुडत्यावर ते घालून कन्या तिळगूळ वाटून आली.

श्रोतेहो, तुमच्याही घरी अशी एखादी पेटी असेल. कात्रीचा विचार मागाहून करा. आधी घडी मोडा. धड असेल ते नेसा, फाटले असेल त्याचेच दुसरे काही शिवा. आमच्या आईने आता भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दोन तारखांभोवती गोल केले आहेत. त्या दिवशी पदराची घडी बदलायची, आणि ती नातीने बदलायची.